गटविम्याचा हप्ता भरावा की दवाखान्यासाठी गावनिधी काढावा?

पांदणवाट (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीच्या अंगाला आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सोयाबीन-तुरीची खरेदी आणि थोडं बियाणं, एवढाच धंदा. सभासद चारशेच्या घरात. यंदा पहिल्यांदाच चार लाखांच्या आसपास शिल्लक राहिली. हा पैसा सभासदांच्या दवाखान्यासाठी वापरायचा, इथवर संचालक मंडळाचं एकमत आहे. पुढे दोन तट पडले.

एक तट म्हणतो, सगळ्यांचा मिळून गटविमा काढू. एका विमा कंपनीच्या माणसाने कुटुंबामागे ३ लाखांच्या कव्हरला सात-साडेसात हजार हप्ता सांगितला आहे. चार लाख चारशे घरांत वाटले की घरटी हजार येतात. उरलेले सहा-साडेसहा हजार सभासदाने घालायचे. कोरडवाहू पाच एकरवाल्याला पेरणीच्या तोंडावर सहा हजार मागून पाहा, मग कळतं. दुसरा तट म्हणतो, हा पैसा आपल्याच हातात ठेवू आणि गरजेला देऊ.

मी कंपनीचा हिशेब पाहतो. म्हणून आधी एक काम केलं. बायको बचत गटांच्या ग्रामसंघात आहे. तिथे कर्जमागणीत कारण लिहावं लागतं. नावं झाकून 'दवाखाना' कारणाच्या नोंदी आम्ही दोघांनी चाळल्या आणि ज्यांच्याशी बोलता आलं त्यांना विचारलं, पैसा नेमका कुठे गेला?

हृदयाची, कॅन्सरची, मुतखड्याची ऑपरेशनं बहुतेकांची सरकारी योजनेतूनच झाली होती. कर्ज झालं ते आजार सापडेपर्यंतच्या तपासण्यांचं, गाडीभाड्याचं, सोबतच्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीचं आणि घरी आल्यावर दर महिन्याला लागणाऱ्या गोळ्यांचं. एका घरात ऑपरेशनला एक रुपया लागला नाही आणि तरी दुभती गाय विकावी लागली.

माझं मत सांगून टाकतो. गटविमा भरतीचं बिल देणार, आणि भरतीचं बिल तर महात्मा फुले योजना आधीच देते. जे आम्हाला बुडवतंय त्याला दोघंही हात लावत नाहीत. पण मी काही या विषयातला माणूस नाही. इथे डॉक्टर आहेत, विमावाले आहेत, आशाताई आहेत. बोला.

बोंडअळी

काहून विमा विमा करून राहिले भाऊ? पीकविम्याचं पोट भरलं नाही काय? नुकसान झालं तं ७२ तासांत कळवा म्हणे. वावरात गुडघाभर पाणी, मोबाइलले रेंज नाही, अन् कळवायचं कोणाले? १ रुपयात होता तवा भरला, २०२५च्या खरिपापासून सोयाबीनले पुन्हा २ टक्के. हप्ता घ्यायले येते तो माणूस दावा द्यायच्या वक्ती दिसत नाही. आता तेच आंगावरच्या दुखण्यासाठी करायचं? मायं मत फिक्स हाय: पैसा आपल्या खिशात.

विमाभाऊ अकोला

बोंडअळी दादा, राग समजतो, पण पीकविमा आणि आरोग्यविमा यांचे नियम वेगळे आहेत. मी बावीस वर्षांपासून या धंद्यात आहे. माझा फायदा कशात आहे ते उघड आहे, तेवढं वजा करून वाचा.

विम्याच्या बाजूने आधी. २०२४ मध्ये विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या नियामकाने बरीच साफसफाई केली. जुन्या आजारासाठी थांबायची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं केली, पूर्वी ४ होती. पॉलिसी सलग ५ वर्षं चालली की 'तुम्ही माहिती लपवली' म्हणून दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. कॅशलेसची पहिली मंजुरी १ तासात आणि डिस्चार्जची ३ तासांत द्यायची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला.

आता पांदणवाट भाऊंना तीन गोष्टी विचारायला सांगतो, तुमच्या दारात आलेला माणूस स्वतःहून सांगणार नाही. खोलीभाड्याला मर्यादा आहे का? असली आणि तुम्ही महागडी खोली घेतली, तर फक्त खोलीचा फरक कापत नाहीत, डॉक्टरच्या फीसह बिलातल्या बऱ्याच बाबी त्याच प्रमाणात कापतात. जुने आजार पहिल्या दिवसापासून धरणार का? गटविम्यात हे मागून घेता येतं आणि गटविम्याचा खरा फायदा तोच. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: पहिल्या वर्षी दावे जास्त झाले तर दुसऱ्या वर्षी हप्ता किती चढेल? गटविमा वर्षावर्षाचा असतो. पहिल्या वर्षी स्वस्तात देऊन दुसऱ्या वर्षी दीडपट मागितल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. मग निम्मे लोक सोडतात. जे राहतात ते आजारी असतात, म्हणून तिसऱ्या वर्षी हप्ता आणखी चढतो.

पांदणवाट

हे शेवटचं कोणीच सांगितलं नव्हतं. आभारी आहे. उद्याच विचारतो.

खिडकीवरचा माणूस

मी काही वर्षं आरोग्यमित्र होतो, एका मोठ्या रुग्णालयात सरकारी योजनेच्या खिडकीवर. योजनेबद्दल गावात अर्धवट माहिती फिरते म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. विदर्भातले दोन होते, गडचिरोली आणि अमरावती. २०१३च्या नोव्हेंबरात ती राज्यभर गेली. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाख, किडनी प्रत्यारोपणाला अडीच. २०१७ मध्ये नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली आणि पुढे दोन्ही जोडल्या गेल्या. पांढरं रेशनकार्डवाले आधी बाहेर होते. फक्त १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना सातबाऱ्यावर घेत. त्यात अमरावती विभागाचे पाचही जिल्हे, वर्धा आणि मराठवाड्याचे आठ. जुलै २०२३च्या निर्णयाने ५ लाखांचं कव्हर राज्यातल्या सगळ्यांना झालं. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं वेगळं ५ लाखांचं कार्ड मिळतं. म्हातारे आईवडील असतील तर ते आजच काढून ठेवा. दुखणं आल्यावर केवायसी करायला धावू नका. बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून अडकलेले म्हातारे मी खिडकीवर पाहिले आहेत. आयुष्यभर निंदण-खुरपण केलेल्या हातांचे ठसे कुठून येणार!

आता अडतं कुठे ते सांगतो. योजना आजाराच्या नावावर चालत नाही, ठरलेल्या उपचाराच्या यादीवर चालते. यादीत नाही तर नाही. काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत, कारण खाजगीत नको ती ऑपरेशनं होतील ही भीती होती. ते माहीत नसल्यामुळे माणूस खाजगीत जातो, 'योजनेत बसत नाही' ऐकतो आणि खिशातून भरतो. तेच मेडिकल कॉलेजात फुकट झालं असतं. आयुष्मानच्या नियमात भरतीआधीचे ३ दिवस आणि सुट्टीनंतरचे १५ दिवस धरलेले आहेत. पण निदान व्हायलाच आमच्या माणसाला दोन महिने लागतात. ते सगळं त्याच्या खिशातून. म्हणजे धागाकर्त्यांनी रजिस्टरातून जे काढलं ते बरोबर आहे.

आणि योजनेतल्या भरतीत कोणी पैसे मागितले तर पावती मागा आणि तिथूनच योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला, फोन लावा. पावती मागितली की निम्म्या वेळा मागणीच गायब होते.

निळी साडी

मी आशा आहे, पुसद भागात. ग्रामसंघाच्या रजिस्टरात निघालं तेच आमच्या घरभेटींत निघते.

आमच्या गावात शुगर-बीपीचे लोक मोजून काढले तर प्रत्येक आळीत आहेत. उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, समुदाय आरोग्य अधिकारी मॅडम चांगल्या आहेत, तपासतात, गोळ्या देतात. गोळ्या असल्या तर! १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत केलं, पण कपाटात गोळी नसली की मोफतचा उपयोग काय? एकदा संपल्या की माणूस तालुक्याच्या मेडिकलमध्ये जाते, दहा दिवसांच्या घेते, पैसे संपले की सोडून देते. सहा महिन्यांनी लकवा. मग योजना धावून येते, आयसीयूचे पैसे देते. आधी त्या गोळीले कोणी दिले नाही.

सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, लेकरं आहेत. त्यांना फॉलिक अॅसिडच्या गोळ्या लागतात, काहींना हायड्रॉक्सीयुरिया लागते, तब्येत बिघडली की रक्त लागते. रक्त फुकट मिळते, पण ते आणायला बापाची मजुरी बुडते, बस आणि जेवण वेगळं.

आणखी एक. रात्री-बेरात्री १०८ मिळाली तर ठीक. ती दुसऱ्या पेशंटला गेली असली की खाजगी गाडीवाला जो भाव सांगेल तो. तुमच्या निधीतून काही करायचं असेल तर गावातल्या दोन गाडीवाल्यांशी वर्षाचा भाव ठरवून ठेवा. कोणत्याच विम्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

स्टेथोवाला

तालुक्याच्या ठिकाणी पंधरा खाटांचं हॉस्पिटल चालवतो. योजनेत होतो, बाहेर पडलो. का, ते सांगतो, शिव्या नंतर घाला.

योजनेत प्रत्येक उपचाराच्या पॅकेजचा दर ठरलेला. त्यातच भूल, औषधं, जेवण, नर्स, वीज, सगळं. काही पॅकेज परवडतात, काहींत घरचे घालावे लागतात. ते एक वेळ चालेल. पण पैसे उशिरा येतात, मध्येच 'क्वेरी' येते, फोटो अपलोड करा, पुन्हा करा. नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात त्यासाठी चार माणसांचं खातं असतं. माझ्याकडे एक मुलगी होती, तीच रिसेप्शन पाहायची. परिणाम असा की लहान रुग्णालयं गळतात, मोठी शहरातली राहतात, आणि घाटंजीच्या माणसाला हर्नियासाठीही यवतमाळ नाहीतर वर्धेजवळची सावंगी गाठावी लागते. तुम्ही मोजलेलं गाडीभाडं अर्धं तिथून येतं.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. मी तुमच्या वडिलांचं ब्लडप्रेशर दहा वर्षं आटोक्यात ठेवलं तर मला कोण काय देतं? दर भेटीला शे-दोनशे रुपये, तेही त्यांच्याच खिशातून. पण अँजिओप्लास्टी झाली तर लाखाच्या पुढचा आकडा सरकार देतं. पैसा जिकडे वाहतो तिकडे डॉक्टर वाहतात. यात कोणा एकाची लबाडी शोधू नका, पैसे द्यायची रीतच तशी आहे. थायलंडने २००१-०२ मध्ये याला उलटं केलं. तालुक्याच्या रुग्णालयाला तिथे नोंदलेल्या माणसांमागे वर्षाचे ठरावीक पैसे, करातून. रुग्णाकडून भेटीला ३० बाट. माणसं निरोगी राहिली तर रुग्णालयाचे पैसे वाचतात, म्हणून बीपीच्या गोळ्या संपू द्यायच्या नाहीत यात रुग्णालयाचाच स्वार्थ. आपल्याकडे माणूस आडवा झाल्याशिवाय कोणालाच काही मिळत नाही.

सीताबर्डी ते सिंहगड

डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. हे आपल्याकडे कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. नियोजन आयोगाने डॉ. के. श्रीनाथ रेड्डींच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञ गटाने २०११ मध्येच लिहून दिलं होतं की सर्वांना आरोग्यसेवा द्यायची तर पैसा सामान्य करातून यावा आणि विमा कंपन्यांना मध्ये घेऊ नये. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर न्यायचं ठरवलं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता, आणि तेही कोविडच्या काळात. लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये एकूण खर्चाच्या ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ पर्यंत ३९.४ वर आला असं राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. म्हणजे सुधारणा आहे. पण त्या ३९ मध्ये औषधांचा वाटा मोठा आहे, आणि विमा नेमका तिथे नसतो.

औषधांचं उत्तर तर देशातच आहे. तामिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीचं स्वतंत्र महामंडळ काढलं, राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना त्याच धर्तीवर चालवली. आपण खरेदी आधी सरकारच्याच हाफकिन महामंडळाकडे दिली, मग २०२३ मध्ये नवं प्राधिकरण काढलं.

बोंडअळी

सीताबर्डी भाऊ, तुमी सिंहगड रोडवर बसून सांगता ते खरंच हाय, पण पांदणवाट भाऊले शनिवारच्या सभेत ठराव मांडायचा हाय. जीडीपी घालून ठराव पास होत नाही.

सीताबर्डी ते सिंहगड

😀 मान्य.

धामनदी

वर्धेकडचा आहे. इतक्या प्रतिसादांत सेवाग्रामची ज्वारी कोणालाच आठवली नाही याचं नवल वाटलं.

१९८०च्या आसपास सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने, डॉ. उल्हास जाजूंच्या पुढाकाराने, आजूबाजूच्या गावांत एक योजना उभी केली. वर्गणी ज्वारीत. हंगाम निघाला की खळ्यावरच घ्यायची, कारण तेव्हाच घरात काहीतरी असतं. जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची अगदी कमी, पण द्यायची सगळ्यांनी. त्यातून गावच्या आरोग्यसेविकेचा आणि गावातल्या औषधांचा खर्च. अचानक आलेल्या आजाराला सेवाग्रामात भरती मोफत. बाळंतपणासारखं आधीपासून ठाऊक असलेलं, किंवा थांबू शकणारं ऑपरेशन असलं तर बिलाचा काही भाग घरच्यांनी भरायचा.

विमाभाऊंनी सांगितलेला तो फास, आजारी तेवढेच उरतात आणि हप्ता चढतो, त्यांनी सुरुवातीलाच ओळखला होता. म्हणून एकट्या-दुकट्याला घ्यायचेच नाहीत. गावातली बहुतेक घरं आली तरच गाव आत. ग्रामसभेत बसून ठरवायचं. त्यामुळे वर्गणी गोळा करायला माणूस लागला नाही, न देणाऱ्याला शेजारीच विचारायचे.

पुढे आमच्याकडे ज्वारीच राहिली नाही. कापूस आणि सोयाबीन आलं, आणि रोख पैसे द्यायची रीत पडली. तरी तुमच्या कंपनीला एक गोष्ट सरळ घेता येईल: वर्गणी खरेदीच्या वेळी कापा. सोयाबीनच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या बिलातून, क्विंटलमागे काही रुपये. जूनमध्ये सहा हजार मागू नका, ऑक्टोबर-नोव्हेंबरात मागा, तेही मालाच्या प्रमाणात. ज्याचं पीक बुडालं त्याची वर्गणी आपोआप कमी होते. हे विमा कंपनी कधीच करणार नाही.

फक्त एक लक्षात ठेवा. ज्वारीच्या मागे सेवाग्रामचं रुग्णालय उभं होतं. तुमच्या निधीच्या मागे कोण आहे?

विमाभाऊ अकोला

धामनदींनी शेवटी जो प्रश्न विचारला तोच माझा आहे. चार लाख म्हणजे एका व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे दोन आठवडे. मोठ्या खर्चाला निधी पुरत नाही, तिथे जोखीम हजारो माणसांत वाटावीच लागते, आणि त्यालाच विमा म्हणतात. कर्नाटकात सहकारी संस्थांच्या शेतकऱ्यांसाठी २००३ मध्ये यशस्विनी सुरू झाली, माणशी महिन्याला ५ रुपयांत ऑपरेशनं. ती चालली कारण माणसं लाखांनी होती आणि सरकारचा हात मागे होता. चारशे घरांच्या जोरावर तसं होत नाही.

म्हणून माझा सल्ला, धंदा सोडून: मोठ्या खर्चासाठी सरकारी योजनेवर विसंबा, कार्डं सगळ्यांची काढून घ्या. अपघातासाठी बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा घ्या, वर्षाला २० रुपयांत २ लाख. ज्यांना परवडतं त्यांनी स्वतःची पॉलिसी वेगळी घ्यावी. आरोग्य संजीवनी म्हणून सगळ्या कंपन्यांची एकसारखी पॉलिसी मिळते, तिच्यात ५ टक्के स्वतः भरावे लागतात. चार लाखांतून गटविमा काढू नका. हे लिहिताना माझं कमिशन गेलं, पण असो.

जळगाव जामोदचा

आमच्या खारपाणपट्ट्यात या. गावागावांत किडनीचे रुग्ण. डायलिसिस योजनेत मोफत होतं, खोटं बोलणार नाही. पण आठवड्यातून दोन-तीनदा जाणं, एकट्याला पाठवता येत नाही, आणि मशीन मिळेल त्या वेळेला थांबायचं. डायलिसिसच्या माणसाला लागतो तो नियमित प्रवासखर्च. एकदाच पाच-दहा हजार देऊन उपयोग नाही. निधीत महिन्याची रक्कम ठेवायची सोय करा.

इंद्रावती

भामरागड तालुका. इथे चर्चा वाचली. कार्ड आहे, ५ लाख आहेत, पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी जातं. योजनेतलं रुग्णालय पलीकडे.

एक मात्र जोडतो. आमच्याच गडचिरोली जिल्ह्यात शोधग्रामला डॉ. अभय आणि राणी बंगांनी गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळं सांभाळायला लावली. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं, नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. ते काम कोणत्या पॅकेजमध्ये बसवाल?

निळी साडी

इंद्रावती भाऊ, बसवलं ना. आशाला एका बाळाच्या सगळ्या घरभेटी मिळून २५० रुपये.

पांदणवाट

सगळं वाचून काढलं. विमा कंपनीच्या माणसालाही विचारलं. दुसऱ्या वर्षीच्या हप्त्याचं लेखी द्यायला तो तयार नाही. खोलीभाड्याला मर्यादा आहेच.

आता मी सभेत असं मांडायच्या विचारात आहे. गटविमा नको. चार लाखांतले तीन लाख निधीत, एक लाख हात लावायचा नाही. खरेदीच्या पट्टीतून क्विंटलमागे १० रुपये. निधीतून चार गोष्टी: ठरलेल्या गाडीवाल्याचं भाडं, मेडिकल कॉलेजात किंवा योजनेतल्या रुग्णालयात पाठवलेल्याच्या आधीच्या तपासण्या, मर्यादेत, शुगर, बीपी, मिरगी, सिकलसेलच्या गोळ्या उपकेंद्रात संपल्या तर जनऔषधीच्या स्वस्त दुकानातून आणून देणं, आणि डायलिसिसवाल्याला दरमहा प्रवास. भरतीचं बिल निधीतून द्यायचं नाही, कोणी कितीही रडलं तरी. दिलं की पहिल्या दोन माणसांतच निधी संपेल. त्यासाठी एक माणूस ठेवू, जो कागदपत्रं करील, १५५३८८ ला भांडेल आणि धर्मादाय रुग्णालयात १० टक्के मोफत आणि १० टक्के सवलतीच्या खाटा मागून घेईल. खिडकीवरचे साहेब, असा माणूस कुठे मिळेल?

खिडकीवरचा माणूस

माझ्यासारखे, कंत्राट संपून घरी बसलेले, प्रत्येक तालुक्यात सापडतील. धर्मादायसाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवायला सांगा. मोफतला वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत, सवलतीला ३ लाख ६० हजार.

स्टेथोवाला

तपासण्यांचे पैसे देणार असाल तर कोणी लिहून दिल्या हे पाहा. नाहीतर तुमचा निधी तालुक्यातल्या पॅथॉलॉजी लॅब आणि कट खाणारे मिळून संपवतील. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरची चिठ्ठी असेल तरच द्या. माझ्या चिठ्ठीवरही देऊ नका.

आणि गोळ्या विकत आणून देण्याआधी उपकेंद्रातला साठा दर महिन्याला लिहून घ्या, रुग्ण कल्याण समितीत मांडा, जिल्हा परिषदेत पाठवा. तुम्ही गपचूप भरून काढत राहिलात तर वरच्याला कधीच कळणार नाही की गोळ्या संपतात.

बोंडअळी

क्विंटलमागे १० रुपये मले मान्य. पण देणार कोणाले हे कोण ठरवन? संचालकाचा साळा असला की त्याची गाडी पहिले, असं होऊन जाते.

पांदणवाट

तिघांची समिती ठेवू, त्यात संचालक कोणी नाही. एक ग्रामसंघाची बाई, एक आशाताई, एक हा नेमलेला माणूस. कोणाला किती दिले ते खरेदी केंद्रावर दर महिन्याला लावायचं, आजाराचं नाव न लिहिता.

निळी साडी

दादा, एक विचारू? निधी सभासदांचा म्हणता. सभासद म्हणजे सातबारा असलेला. तुमच्या वावरात फवारायला जाते तो कोण? २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीतून विषबाधा होऊन वीसच्या वर लोक गेले, त्यात शेतमजूर किती होते ते तुम्हाला सांगायला नको. शेतकऱ्यांसाठीची गोपीनाथ मुंडे अपघात योजना घ्या. सरकारने २०२३ मध्ये त्यातून विमा कंपनी काढून टाकली, आता २ लाखांचं अनुदान थेट देते, चांगलं केलं. पण तेही खातेदाराला आणि त्याच्या घरच्या एकाला. मजुराला तिथे काही नाही, आणि तुमच्या निधीतही नाही.

धामनदी

ताईंचा मुद्दा बरोबर आहे. सेवाग्रामात भूमिहीनाची वर्गणी कमी होती, पण होती. ती भरली की त्याचा हक्क पाच एकरवाल्याएवढाच.

बोंडअळी

मंग मजुराची वर्गणी कशातून कापणार? तो काही सोयाबीन इकत नाही.

निळी साडी

कापायची नाही. ज्याच्या वावरात तो जाते, त्याने दोन रुपये जास्त द्यायचे. १० चे १२ करा.

पांदणवाट

१२ वर सभेत आरडाओरडा होणार हे नक्की. ठरावात १२ च लिहितो. शनिवारनंतर इथे काय झालं ते टाकतो. तोवर कोणाकडे गाडीवाल्याशी वर्षाच्या भावाच्या कराराचा नमुना असेल तर द्या, वकिलाकडे जायचे पैसे वाचतील.